शेजारपाजारचे जीव: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची पत्रं वाचताना जाणवलं की घरात किंवा आवारात आलेला जीव नेमका कोण आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नाहीये, आणि तरी तो घालवायचा कसा हे मात्र विचारलंय. म्हणून उत्तरांमध्ये मी आधी ओळख करून दिलीये, उपाय नंतर. ओळख पटली की कित्येकदा उपाय लागतच नाही.

प्रश्न: ताई नमस्कार. आमचं घर बैठं आहे, मागे मोकळी जागा आहे. परवा रात्री बाथरूमच्या भिंतीवर तपकिरी रंगाचा, आडवे पट्टे असलेला बारीक साप दिसला. शेजारचे काका म्हणाले मण्यार आहे, आणि त्यांनी तो मारला. मला फार वाईट वाटलं पण घरात लहान मुलं आहेत म्हणून गप्प बसले. तो खरंच मण्यार होता का? पुढच्या वेळी काय करायचं?

तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो कवड्या असण्याची शक्यता जास्त वाटते, आणि कवड्या बिनविषारी आहे. भिंतीवर सहज चढतो, रात्री फिरतो आणि पाली खातो, त्यामुळे बाथरूम, माळा, खिडकीची चौकट अशा ठिकाणी तोच जास्त दिसतो. मण्यार मुख्यतः जमिनीवर वावरणारा साप. दोघांत फरक असा की कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे जाता जाता फिके होत विरून जातात, मण्यारीचं उलटं, तिचे बारीक पांढरे पट्टे बऱ्याचदा जोडीजोडीने असतात, पुढच्या भागात पुसट किंवा अजिबात नसतात आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. तिचा रंगही निळसर चमकदार काळा असतो. पण हे सगळं मी ओळख व्हावी म्हणून सांगतेय, पट्टे बघायला जवळ जायचं म्हणून नाही! फोटो काढायचा तर लांबून, फोनचा झूम वापरून.

पुढच्या वेळी एक जण सापावर लांबून नजर ठेवून थांबेल, मुलं आणि कुत्रं-मांजर दुसऱ्या खोलीत, त्या खोलीच्या दाराखालची फट जुन्या टॉवेलने बंद, आणि लगेच सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन. तुमच्या भागातल्या सर्पमित्राचा नंबर आजच शोधून फोनमध्ये टाकून ठेवा, साप समोर असताना नंबर सापडत नाही. काठी हातात घेऊन साप मारायला जाणारा माणूस सापाच्या सगळ्यात जवळ जातो, आणि साप चावायची शक्यता तिथेच वाढते. काकांचा हेतू चांगलाच होता, पण हे त्यांनाही शांतपणे सांगा.

भीती अगदी निराधार आहे असं मी म्हणणार नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. आपल्याकडे जास्त विषारी दंश होतात ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचे, हे चार साप घरातल्या सगळ्यांनी चित्रात बघून ओळखायला शिकावेत. मण्यारीचं विशेष सांगायला हवं, ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि दंश बऱ्याचदा दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, गिळता येत नाहीये असं कुणी म्हणालं आणि तो माणूस खाली झोपला होता, तर सर्पदंश असेल असं धरून सरळ हॉस्पिटल गाठायचं. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणं एवढ्याने हा धोका पुष्कळ कमी होतो.

दंश झालाच तर माणसाला शांत ठेवा, चालवू नका, अंगठ्या-बांगड्या-घड्याळ काढा, हातपाय हलणार नाही असा आधार द्या आणि १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही. साप पकडून किंवा मारून डॉक्टरांना दाखवायचीही गरज नाही, आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालतं.

आणि घरामागे विटांचा, लाकडाचा ढीग असेल तर तो भिंतीपासून लांब हलवा. उंदीर तिथे राहतात आणि उंदरांमागे साप येतो.

प्रश्न: बाल्कनीतल्या आरशावर एक बुलबुल रोज येऊन चोची मारतो. त्याला वेड लागलंय का?

नाही हो. विणीच्या दिवसांत नर आपला इलाखा राखतो आणि आरशातला पक्षी त्याला प्रतिस्पर्धी वाटतो, तो पळून जात नाही म्हणून हा थकेपर्यंत भांडत राहतो. आरशावर कापड टाका. गाडीच्या साइड मिररवर करत असेल तर त्यावर जुना मोजा चढवा. काही आठवड्यांत थांबेल.

प्रश्न: आमच्या बिल्डिंगच्या सातव्या मजल्याच्या सज्जाखाली मोठं पोळं लागलंय. सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडलेत, अर्ध्यांना पेस्ट कंट्रोल बोलवायचंय. मी सेक्रेटरी आहे, निर्णय माझ्यावर आलाय. मॅडम, काय करू?

उघड्यावर, एकच मोठं लोंबणारं पोळं आणि त्यावर काळपट माशांचा जाड थर असेल तर ते आग्या मोहोळ. सातेरी माशी वेगळी, ती पोकळीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणून तिला पेटीत पाळता येतं. आग्या माशी पेटीत राहत नाही, तिला उघडी उंच जागाच लागते. फुलोरी तर अगदी छोटी, झुडपात तळहाताएवढं पोळं करते, तिचा कुणाला त्रास होत नाही.

आग्या माशा स्थलांतर करतात हे तुमच्या ग्रुपवर आधी लिहा. फुलोरा संपला, हवा बदलली की सगळं मोहोळ पोळं रिकामं टाकून निघून जातं. तुमचा प्रश्न कायमचा नाहीये, काही महिन्यांचा आहे. पोळ्याखाली रहदारी नसेल तर तेवढे दिवस थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्या मजल्यावरच्या घरांनी त्या बाजूची खिडकी बंद ठेवावी किंवा जाळी लावावी, रात्री त्या बाजूचे दिवे बंद ठेवावेत किंवा जाड पडदा ओढावा (दिव्याकडे माशा येतात, संध्याकाळनंतरच्या बऱ्याचशा तक्रारी यामुळेच असतात), खाली धूर करू नये, फटाके नकोत, पतंग नको, मुलांनी दगड मारायचा नाही.

पेस्ट कंट्रोलच्या फवाऱ्याने हजारो माशा मरतात, उरलेल्या चवताळून सगळ्या परिसरात पसरतात आणि त्या वेळी खाली जो असेल त्याला डंख बसतात. माशी डंख मारते तेव्हा एक वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या तिथेच येऊन डंख मारतात, म्हणून हल्ला झाला तर हात झटकत उभं राहू नका, चेहरा झाकून सरळ रेषेत पळा आणि दार लावता येईल अशा खोलीत शिरा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटा शरीरात राहिला असेल तर नखाने खरवडून लगेच काढा. श्वास अडकणं, घसा आवळणं, चक्कर, अंगभर गांधी यातलं काहीही झालं किंवा खूप डंख बसले तर घरी थांबायचं नाही, हॉस्पिटल.

आणि पोळं अगदी शाळेच्या दारावर, लिफ्टपाशी, आजारी माणसाच्या खिडकीला लागून असेल तर हलवावंच लागेल, पण ते आग न लावता, माशा न मारता काढणारी प्रशिक्षित माणसं असतात त्यांच्याकडूनच. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, अशा ठिकाणी चौकशी केली की योग्य माणूस सापडतो.

एक बघाच. दुर्बीण असेल तर दुपारी लांबून त्या पोळ्याकडे बघत थांबा, गांधीलमाशी जवळ आली की हजारो माशा एकामागून एक पोट वर उचलतात आणि पोळ्यावरून लाट गेल्यासारखी दिसते. गांधीलमाशीला नेम धरता येत नाही. मुलांना दाखवा, सोसायटीचा विरोध बराच मावळेल.

प्रश्न: मी सहावीत आहे. शाळेच्या झाडाखाली पक्ष्याचं पिल्लू सापडलं. आम्ही त्याला दूध पाजलं पण ते मेलं. आमचं काय चुकलं? हात लावला म्हणून आईने सोडलं का?

बाळा, तुम्ही त्याला वाचवायला धावलात याचं मला खूप कौतुक वाटतं. हात लावला म्हणून आई सोडत नाही, हे सगळीकडे सांगतात पण ते खरं नाही, पक्षी माणसाच्या वासाने पिल्लू टाकत नाहीत. दूध मात्र द्यायचं नसतं, पक्ष्यांना ते पचत नाही. आणि चोचीत पाणी किंवा दूध ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, कारण पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं. खाली पडलेल्या पिल्लाला दुखापतही असू शकते, ती बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तुमच्यामुळेच ते गेलं असं मनात धरू नकोस.

पुढच्या वेळी आधी पिसं बघायची. पिसं आलीत, शेपूट आखूड आहे, उड्या मारतंय, तर ते उडायला शिकतंय. त्याला घरी न्यायचं नाही, फक्त मांजर किंवा गाडी येईल अशा जागेवरून उचलून जवळच्या झुडपात ठेवायचं आणि लांब जाऊन बघत बसायचं. तुम्ही गर्दी करून उभे असाल तर आईबाप येणार नाहीत. अंगावर पिसं नसतील, डोळे मिटलेले असतील तर घरटं शोधून मोठ्या माणसाच्या मदतीने परत ठेवायचं. घरटंच पडलं असेल तर भोकं पाडलेली छोटी टोपली सुकं गवत घालून त्याच फांदीवर बांधायची. जखमी असेल तर भोकं असलेल्या खोक्यात, अंधारात, ऊबेत ठेवायचं, खायला-प्यायला काही द्यायचं नाही, आणि सरांना १९२६ वर फोन करायला सांगायचं.

प्रश्न: आमची वस्ती उसाच्या रानात आहे. महिनाभर बिबट्या फिरतोय, दोन कुत्री गेली. गावाने पिंजऱ्याची मागणी केलीये. तुम्ही शहरातली माणसं बिबट्याची बाजू घेता, आमचा जीव जातो त्याचं काय?

दादा, तुमचा राग रास्त आहे. रात्री पाणी धरायला रानात जावं लागतं, मुलं अंगणात खेळतात, आणि बाहेर बिबट्या आहे, ही भीती ज्याची त्यालाच कळते. मी बिबट्याची बाजू घेऊन लिहीत नाहीये, तुमच्या घरातलं माणूस सुरक्षित राहावं म्हणून लिहितेय, आणि त्यासाठी पिंजऱ्याबद्दल जे माहीत आहे ते सांगायला हवं.

जुन्नर भागात साधारण २००१च्या सुमारास उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडायची मोहीम झाली होती. २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटर लांब नेऊन सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी चौपटीहून जास्त झाले, आणि तेही जिथे बिबटे सोडले त्या भागाच्या आसपास. अनोळखी जागी टाकलेला, पिंजऱ्यात घाबरलेला प्राणी आपल्या जुन्या जागेकडे निघतो, वाटेत माणसं भेटतात. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढलेल्या आणि माळशेज घाटात सोडलेल्या ‘आजोबा’ नावाच्या नराचा प्रवास त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे (जागा कळवणाऱ्या पट्ट्यामुळे) कळला, तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. आणि इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो, बऱ्याचदा नवखा तरुण, ज्याला तुमच्या वस्तीची सवय नसते. महिनाभर फिरून ज्याने माणसाच्या वाटेला जायचं टाळलंय तो तुमच्यासाठी कमी धोक्याचा असू शकतो, हे ऐकायला विचित्र वाटेल पण मी मनापासून सांगतेय.

तो तिथे आहे कशासाठी? अकोले भागातल्या शेतात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातला सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाने जवळजवळ ३९ टक्के. वस्तीजवळ खरकटं, कचरा, मेलेली कोंबडी पडली की कुत्री जमतात आणि कुत्र्यांसाठी बिबट्या येतो. त्यामुळे पहिलं काम उकिरड्याचं. दुसरं, शेळ्या-वासरं आणि राखणीचं कुत्रंसुद्धा रात्री छप्पर आणि दार असलेल्या गोठ्यात, नुसतं कुंपण पुरत नाही, तो वरून उडी मारतो. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, अंधार पडल्यावर लहान मूल एकटं अंगणात नको, परसाकडेला एकटं नको. वाकलेला, बसलेला माणूस त्याला छोटा प्राणी वाटू शकतो, म्हणून संध्याकाळनंतर उसात वाकून काम नको. रात्री जाणं भागच असेल तर दोघांनी, बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून जा. घराभोवतीचं गवत, आणि शक्य असेल तर घराला टेकलेल्या उसाच्या दोन-चार ओळी काढून टाका.

समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, ओरडत हळूहळू मागे सरायचं. त्याला घेरायचं तर अजिबातच नाही, जमाव मागे लागल्यावर बिथरलेल्या बिबट्याने पाच-दहा माणसं जखमी केल्याच्या घटना अशाच होतात. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर हात न लावता तोड थांबवा आणि वनखात्याला कळवा, पिल्लं त्याच जागी ठेवली की बहुतेकदा रात्री मादी येऊन घेऊन जाते, तिथे तिला ती सापडली नाहीत तर ती शोधत वस्तीभर फिरेल.

माणसावर हल्ला झाला तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा पिंजरा मागणं बरोबरच आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची परवानगी वनखात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडून यावी लागते, म्हणून ठसे, वेळ, जागा यांची नोंद आत्तापासून ठेवा. गेलेल्या जनावरांचा पंचनामाही लगेच करून घ्या, भरपाई मिळते, ती तुमच्या हक्काची आहे.

प्रश्न: आमच्या इमारतीच्या डक्टमध्ये रात्री कुणीतरी फुसफुसतं, ओरडतं. वॉचमनने टॉर्च मारला तर पांढऱ्या तोंडाची पिल्लं दिसली. भीती वाटते.

गव्हाणी घुबडं आहेत. हे घुबड घूघू करत नाही, चिरकतं आणि पिल्लं भुकेली असली की फुसफुसतात, तोच आवाज. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा असतो तो आवाज गोळा करण्यासाठी, आणि दोन कानांपैकी एक जरा वर एक जरा खाली, त्यामुळे पूर्ण अंधारात फक्त आवाजावरून त्याला उंदीर नेमका कुठे आहे ते कळतं. पिल्लं साधारण दोन महिन्यांत उडतात. तोपर्यंत टॉर्च मारू नका, डक्टमधलं काम पुढे ढकला, ती उडून गेली की स्वच्छ करून जाळी लावा.

एक कळकळीची विनंती, याच काळात उंदरांचं औषध टाकू नका. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन फिरत राहतो, घुबड नेमका तोच उचलतं आणि ते विष पिल्लांच्या पोटात जातं. चिकट पॅडही नकोत, त्यावर पाली, चिमण्या, लहान साप चिकटून हाल होऊन मरतात. उंदीर पकडायचा साधा पिंजरा वापरा.

प्रश्न: मी नुकताच रिटायर झालोय. आयुष्यभर ऑफिसात गेलं, कावळा-चिमणीपलीकडे पक्षी ओळखत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही लांबचं नीट दिसत नाही. आता या वयात सुरुवात होईल का?

काका, नक्की होईल, आणि तुम्ही डोळ्यांपासून नाही, कानांपासून सुरू करा. पक्षी बघायला येतात त्यातले बरेच जण ऐकत नाहीत, खरं तर दिसण्याआधी पक्षी ऐकूच येतो.

कुठे जायची गरज नाही. घराजवळचं एक मोठं झाड ठरवा, वड-पिंपळ असेल तर उत्तमच, आणि रोज सकाळी एकाच वेळी त्याखाली बसा. टुक टुक टुक असा एका लयीत, न थांबता येणारा आवाज म्हणजे तांबट. खोल, घुमणारा कुप कुप कुप म्हणजे भारद्वाज. अंगठ्याएवढ्या जिवातून कान फाडणारा आवाज येत असेल तर शिंपी. कुहू कुहू करणारा कोकीळ नर असतो, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा, मादी तपकिरी ठिपक्यांची असते आणि ती किक-किक-किक असं घाईघाईने ओरडते. ती कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते हे तुम्हाला माहीत असेलच, आता प्रत्यक्ष बघायला मिळेल, एप्रिल-मेनंतर कावळ्यांची गडबड आणि कोकीळ मादीचा वावर एकाच झाडावर आहे का ते बघा. उन्हाळ्याच्या शेवटी ‘पेरते व्हा’ म्हणत सूर चढवत नेणारा तो पावशा.

फोनवर मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, आवाज ऐकून नाव सुचवतं. सुरुवातीला मदत घ्या, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास नको, ते चुकतंही. नोंदी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या वेबसाइटवर, टाकल्या तर त्या अभ्यासकांनाही उपयोगी पडतात. पण मी म्हणेन आधी साधी वही घ्या आणि नावापेक्षा तो काय करत होता ते लिहा, फळ खात होता की किडे, जोडीने होता की थव्याने, कुणाशी भांडला. नाव नंतर कळलं तरी चालतं. काही दिवसांनी तुमच्या लक्षात येईल की सप्टेंबर-ऑक्टोबरात शेपटी हलवत फिरणारा धोबी अचानक दिसायला लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये नाहीसा होतो, तो हिवाळ्यापुरता उत्तरेकडून आलेला पाहुणा आहे. चातक तर आफ्रिकेकडून पावसाबरोबर येतो, पहिला चातक दिसला किंवा ऐकला की तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

दुर्बीण लगेच घेऊ नका. महिना-दोन महिने बसून बघा, मग ८x४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्या, हाताला जड होत नाही आणि पहाटेच्या कमी उजेडातही बऱ्यापैकी दिसतं. आणि पहिल्या महिन्याची वही मला पाठवा, न ओळखलेले आवाज जसे कानावर पडले तसेच अक्षरांत लिहून, पुढच्या अंकात आपण त्यांची ओळख लावू.